सासऱ्यांना गुप्ती हवी, मिस्टरांना करंटवाली काठी, मी काय करू?

पत्र थोडक्यात असं: "मी नेरूळला राहते, वय ४३, नोकरी करते, मुलगा सहावीत आहे. सासूबाई गेल्यावर सासरे (७६) गावाहून कायमचे आमच्याकडे आले. रोज पहाटे साडेपाचला एकटेच 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेतल्या तळ्याकडे चालायला जातात आणि येताना दूध आणतात. मध्यंतरी आमच्याच गल्लीत बाइकवरून आलेल्या दोघांनी शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र खेचलं, त्या पडल्या, हाताला प्लास्टर आलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासऱ्यांनी गावाकडची त्यांच्या वडिलांची जुनी गुप्ती मागवून घेतलीये, दिसायला काठी पण आत पातं, ती घेऊन फिरायला जाणार म्हणतात. मिस्टरांनी बाहेरच्या एका साइटवर काठी बघून ठेवलीये, तिच्यात करंट देणारं टोक, सायरन, टॉर्च आणि एसओएस बटण सगळं आहे, किंमतही तशीच आहे. मला दोन्हीची भीती वाटते, पण बोललं की 'तुला बाबांची काळजी नाही का' असं होतं. तसा त्यांचा डावा गुडघा दुखतो, मध्ये दोनदा तोल गेला होता, साधी काठी घ्या म्हटलं तर म्हातारा दिसेन म्हणतात. कुठली काठी घेऊ?"

ताई, नमस्कार.

चोरांबद्दल तुम्ही सगळं नीट लिहिलंय, बाइक, मंगळसूत्र, पहाटेची वेळ, आणि 'मध्ये दोनदा तोल गेला होता' हे मात्र जाता जाता एका ओळीत. मला त्या ओळीची जास्त काळजी वाटते. चोर बाबांना गाठेल की नाही हे कोणालाच माहीत नाही पण त्यांचा तोल जातो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी चर्चा चाललीये ती चोराला काय करायचं याची. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी साधारण ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढची असतात. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन, अंथरूण, आणि मग पूर्वीसारखं चालणं होईलच असं नाही. शेजारच्या काकूंचंही बघा ना, मंगळसूत्र गेलं ते गेलंच पण प्लास्टर आलं ते पडल्यामुळे. चोर आला तरी म्हाताऱ्या माणसाला खरी इजा होते ती पडण्याचीच, त्यामुळे काठी कुठलीही घ्या, तिचं पहिलं काम बाबांना उभं ठेवणं हे आहे, बाकी जे काही त्यात बसवलंय ते या कामाच्या आड येत नसेल तरच घ्यायचं.

आधी गुप्तीचं बोलू कारण त्याला थांबायला वेळ नाही. ती घेऊन बाबांना एक दिवससुद्धा बाहेर जाऊ देऊ नका. आपल्याकडे शस्त्रांच्या नियमांत तलवारीच्या बरोबरीने गुप्तीचा उल्लेख आहे, म्हणजे पोलिसांच्या नजरेत ती काठी नाहीच, ते शस्त्र आहे, मग ती वडिलोपार्जित असो की गंजलेली असो. त्यातून आपल्या भागात सणवार, निवडणुका, मोर्चे असले की पोलिस आयुक्तांचे मनाई आदेश निघतातच, त्या काळात तलवारी, भाले, सुरे घेऊन फिरण्यावर बंदी असते. ७६ वर्षांचा सज्जन माणूस नाकाबंदीत गुप्तीसकट सापडला आणि पोलिस ठाण्यात बसून राहिला, हे त्यांच्या मानी स्वभावाला किती लागेल याचा विचार करा. आणि पोलिस बाजूला ठेवले तरी झटापटीत तरुण माणसाने ती हातातून काढून घेतली तर पातं कोणाच्या दिशेने असेल? बाबांना हे असंच सरळ विचारा, गावाकडची माणसं असल्या गोष्टी आपल्यापेक्षा चांगल्या ओळखतात. घरात सहावीतला मुलगा आहे, तेव्हा ती माळ्यावर टाकून विसरू नका, एखाद्या वकिलाला विचारून रीतसर काय करायचं ते ठरवा.

आता मिस्टरांची काठी. त्यांचा हेतू चांगला आहे, दिवसभर ऑफिसात असलेला मुलगा बापासाठी काय करू शकतो तर पैसे खर्च करून चांगली वस्तू आणू शकतो, आणि ते त्यांनी केलंय, हे त्यांना आधी बोलून दाखवा म्हणजे पुढचं ऐकून घेतील. पण चेन खेचणारे कसे येतात ते बघा. मागून येतात, बाइक चालूच असते, मागे बसलेला हात घालतो आणि गेले, सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा, माणसाला कळेपर्यंत ते पुढच्या सिग्नलला असतात. करंटच्या टोकाने काही व्हायचं असेल तर ते समोरच्याच्या अंगाला टेकवून दाबून धरावं लागतं, आणि जाहिरातीत जे लाखो व्होल्ट लिहिलेले असतात त्यांना भुलू नका, नुसत्या व्होल्टने काही ठरत नाही, करंट किती, टेकलं कुठे आणि किती वेळ, यावर असतं. मधे जाड जॅकेट असलं तर तेही नीट लागत नाही. ते टेकवायला काठी जमिनीवरून उचलावी लागते, आणि माझा सगळा आक्षेप इथे आहे. ज्याचा डावा गुडघा भरवशाचा नाही त्याने नेमकं धक्काबुक्कीच्या क्षणी आपला आधार हवेत उचलायचा. तीन ठिकाणी टेकलेला माणूस एका दुखऱ्या आणि एका बऱ्या पायावर येतो, समोरच्याने नुसता खांदा मारला तरी खाली. काठी कितीही महाग असली तरी ती एका वेळी आधार आणि हत्यार दोन्ही होऊ शकत नाही.

शिवाय बॅटरीचं वजन मनगटावर, चार्जिंग लक्षात ठेवणं, पावसात ओली होणं, बस आली की घाईत बटण दाबलं जाणं, मुलाने कुतूहलाने हातात घेणं. आणि करंट देणारं उपकरण साइटवर विकायला आहे म्हणजे आपल्याकडे ते खुशाल वापरता येतं असं धरून चालू नका. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने सगळ्यांना दिलाय, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यावरच आहेत, पण तो हक्क बचावापुरताच आहे, पळणाऱ्याच्या पाठीमागे जाऊन मारण्याचा नाही.

त्या काठीतल्या दोन गोष्टी मात्र मला आवडल्या, टॉर्च आणि सायरन. टॉर्च तर प्रत्येक काठीला असावा या मताची मी आहे, फक्त त्याचा उजेड खाली पावलांपुढे पडला पाहिजे, समोरच्याच्या तोंडावर नाही. नेरूळ काय, ठाणे काय, फुटपाथवर उखडलेले पेव्हर ब्लॉक, झाडांच्या मुळांनी वर आलेल्या फरशा, अर्धवट बसलेली चेंबरची झाकणं हे सगळं अंधारात दिसतच नाही. काठीला क्लिपने अडकवायचे छोटे एलईडी टॉर्च वेगळे मिळतात, ते साध्या काठीलाही बसतात. सायरनसाठी पिन ओढली की जोरात वाजणारा छोटा अलार्म मिळतो, तो शर्टाच्या खिशाला किंवा पट्ट्याला लावा. साधी शिट्टी गळ्यात असली तरी चालते. आवाजाने चोर घाबरेल की नाही सांगता येत नाही पण वॉचमन, दूधवाला, पेपरवाला बघतात तरी, आणि पहाटे रस्त्यावर तेच असतात.

एसओएस बटणाची कल्पना चांगली आहे पण जागा चुकली आहे. माणूस पडतो तेव्हा काठी हातात राहत नाही, ती चार हात लांब जाऊन पडते, आणि ज्याला उठता येत नाही त्याने सरपटत जाऊन बटण दाबायचं का? मदत मागायचं साधन अंगावर हवं, मनगटावर किंवा गळ्यात, निदान खिशात. पडल्याचं ओळखून आपोआप फोन लावणारी घड्याळं मिळतात, परवडत असेल तर मिस्टरांना ते पैसे इकडे वळवायला सांगा, पण ते रोज चार्ज कोण करणार आणि बाबांना ते चालवता येतंय का हे आधी बघा, फोन जवळ असल्याशिवाय त्यातली बरीच घड्याळं मदत मागू शकत नाहीत हेही दुकानात विचारून घ्या. साध्या मोबाइलवरही सोय आहे, २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं आहे, बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं आणि स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट दाबायचं, काहींत तीनदा काहींत पाचदा, म्हणजे ११२ ला फोन लागतो. सेटिंगमध्ये जाऊन बाबांच्या फोनला काय लागतं ते बघा आणि त्यांच्या बोटांनीच करून घ्या, तुम्ही करून दाखवलेलं त्यांच्या लक्षात राहणार नाही. सराव करताना ११२ ला खराच फोन जाऊ नये एवढी काळजी घ्या.

आणि अडचणीत फोन करायच्या नंबरांत पहिला कोणाचा टाकलाय? बहुतेक घरांत मुलाचा असतो. पहाटे पावणेसहाला मुलगा झोपलेला आणि फोन सायलेंटवर. त्या वेळी जो जागा असतो त्याचा नंबर पहिला हवा, सोसायटीचा वॉचमन, खालच्या मजल्यावरचे काका, बरोबर चालणारं कोणी. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी एल्डरलाइनचा १४५६७, तो सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. खिशात एक चिठ्ठी ठेवा, नाव, घरचे दोन नंबर, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक अक्षरात.

आता काठी कुठली, हा तुमचा मूळ प्रश्न. एका पायाची, साधी, बरोबर उंचीची. चार पायांची काठी घरात सपाट फरशीवर ठीक आहे, आपल्या फुटपाथवर तिचे चारही पाय एकदम टेकत नाहीत आणि ती डुगडुगते. उंची दुकानदाराच्या अंदाजाने घेऊ नका. बाबांना ते रोज चालायला जातात त्याच चपला-बुटात सरळ उभं करा, हात सैल खाली सोडायला सांगा, मनगटावर जिथे वळी पडते तिथे काठीच्या मुठीचा वरचा भाग आला पाहिजे. मग मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतं, साधारण २० अंश. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो आणि मान दुखते, आखूड झाली तर माणूस पुढे वाकतो आणि तोल आणखी जातो. ॲल्युमिनियमच्या काठीला भोकं आणि स्प्रिंगचं बटण असतं, बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय ना ते बघा आणि खालची रिंग आवळा, नाहीतर चालताना खडखड आवाज येतो आणि काठी अचानक आत सरकू शकते. लाकडी घेतली तर ती उलटी धरा, मूठ जमिनीवर, टोक वर, मनगटाच्या वळीपाशी पेन्सिलने खूण करा, खालच्या रबराची जाडी त्यातून वजा करा आणि सुताराकडून कापून आणा.

रबराचं तर कोणी बघतच नाही. काठी दहा वर्षं चालते पण टोकाचं रबर चालत नाही, उलटी करून बघायचं, त्यावरच्या गोल रेघा झिजून गुळगुळीत झाल्या किंवा एका बाजूला झिजलं की बदलायचं, सर्जिकलच्या दुकानात सुटं मिळतं, फार पैसे लागत नाहीत. पावसाळ्याच्या आधी तर नक्कीच. स्टेशनच्या ओल्या फरशीवर झिजलेल्या रबराची काठी सर्रकन सुटते, त्यापेक्षा काठी नसलेली बरी. मुठीला जी दोरी असते ती मनगटात गुंतवून चालू नये असं माझं मत आहे, दुकानात पैसे देताना अडकवा, रस्त्यावर नको. कोणी काठी किंवा पिशवी ओढली तर हात सुटला पाहिजे.

डावा गुडघा दुखतो म्हणजे काठी उजव्या हातात. बरेच लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात कारण ते आपसूक होतं, पण चालताना डाव्या पायाबरोबर उजवा हातच पुढे येतो, काठी आणि दुखरा पाय एकदम टेकला की भार वाटला जातो. जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. हे वाचून जमत नाही, एकदा फिजिओथेरपिस्टकडे न्या, अर्ध्या तासात चालून दाखवून शिकवतात, आणि त्याच वेळी तोल का जातो तेही बघून घ्या. बीपीच्या गोळीने उठल्यावर चक्कर येते का, मोतीबिंदू आहे का, पायाला मुंग्या येतात का. डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे, नुसती काठी घेऊन कारण राहून जाईल.

मग राहिले बाबा. 'म्हातारा दिसेन' म्हणणारा माणूस गुप्ती हातात घ्यायला लगेच तयार झाला, हे तुमच्या लक्षात आलं का? म्हणजे त्यांना काठी नको असं नाही, त्यांना बिचारं दिसायचं नाहीये. बायको गेली, गाव सुटलं, मुलाच्या घरात राहायला आले, एक पहाटेचं फिरणं आणि दूध आणणं तेवढं त्यांचं स्वतःचं उरलंय, आणि आता त्या रस्त्यावरही चोरांची भीती. वडिलांची काठी हातात धरली की त्यांना जोर वाटत असेल. ते त्यांच्याकडून काढून घेताना हातात काय देताय ते महत्त्वाचं आहे. सर्जिकलच्या दुकानातली राखाडी काठी परस्पर आणून दिलीत तर ती दाराआड पडून राहील. त्यांना बरोबर घेऊन जा, चांगल्या लाकडाची, त्यांच्या पसंतीच्या मुठीची त्यांना निवडू द्या, गावाकडून कोणी येणार असेल तर वेळूची किंवा त्यांना माहीत असलेल्या झाडाची काठी मागवा आणि इथे मापाने कापून खाली रबर बसवा. आणि हे बोलणं तुम्ही करू नका, मुलाने करावं, शक्यतो त्यांच्याबरोबर एक सकाळ चालायला जाऊन. सुनेने सांगितलं की ती सूचना होते, मुलाने बरोबर चालता चालता विचारलं की 'बाबा, तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते' तर कदाचित चोराचं नावही निघणार नाही.

वेळेचाही विचार करा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, साडेपाच म्हणजे मिट्ट काळोख. थंडीत निघायचं साडेसहाच्या पुढे केलं तर अंधार, खड्डे, चोर तिन्ही कमी होतात आणि दूधही मिळतं. नेरूळला ज्येष्ठांचे चालण्याचे गट आहेत, महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे कोणाशी तरी ओळख झाली की एकटं जाणं आपोआप बंद होतं. गळ्यात चेन असेल तर ती घरी ठेवायला सांगा, आणि कोणी काही ओढलंच तर सोडून द्यायचं, धरून ठेवायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांनी एकमेकांना सांगून ठेवा. गल्लीतला दिवा बंद असेल तर महापालिकेकडे तक्रार सोसायटीच्या नावाने करा. काकूंनी पोलिसात तक्रार दिली नसेल तर द्यायला सांगा, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत अशा हिसकावण्याला कलम ३०४ वेगळं आहे, आणि तक्रार असली की त्या रस्त्यावर गस्त मागता येते.

इतर वाचकांसाठी एक, ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांच्यासाठी. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदा ३००० रुपये थेट खात्यात मिळतात. अर्ज सध्या घेतायत का आणि कुठे द्यायचा हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

मिस्टरांची ऑर्डर अजून निघाली नसेल तर आजच थांबवा. त्या पैशात लाकडी काठी, क्लिपचा टॉर्च, पिनचा अलार्म, फिजिओची फी आणि बाथरूममध्ये कमोडशेजारी एक पक्का दांडा एवढं सगळं बसेल, आणि तो दांडा टाइलच्या मागे पक्की भिंत आहे ना ते बघूनच बसवून घ्या, नुसत्या चिकटवायच्या दांड्यावर बाबांचं वजन टाकू नका.